आखाडात छाटलेला तरवड

वन्सं, तुम्हाला जाऊन दीड महिना झाला. तेव्हापासून गावात तुमच्याबद्दल सगळे इतकं गोड बोलायला लागलेत, की शेवटी मीच वही घेऊन बसले. परवा दुकानात एक जण म्हणाली, "हौसाआक्का म्हंजी गरीब गाय हुती बगा." मी पिशवी तशीच ठेवली आणि विचारलं, "कुठली हौसाआक्का गं? कारण आमच्या घरात जी हुती तिनं मला तीस वरसं सुखानं चहा पिऊ दिला न्हाय." बाई कसनुसं हसली आणि निघून गेली. गरीब गाय म्हणे. नणंद-भावजय म्हणून एका अंगणात तीस वर्षं काढली आपण. तुम्ही गरीब गाय असता तर माझं आयुष्य फार सोपं गेलं असतं, आणि आज हे लिहावंही लागलं नसतं.

गेलेल्या माणसाचं सगळं वाकडंतिकडं काढून टाकून त्याला गुळगुळीत करायची आपल्याकडं रीत आहे. मी करणार नाही. तुम्ही हट्टी होतात. तोंडानं फटकळ होतात. माझ्या प्रत्येक कालवणात मीठ कमी आणि प्रत्येक भाकरी जाड, असं तुमचं ठाम मत होतं आणि तरी तिसरी भाकरी मागून घ्यायचात. निरवांगीच्या शिवारात तुमच्याइतकं झपाट्यानं खुरपणारी बाई नव्हती. आणि स्वतःच्या अकरा गुंठ्यांत तुमच्याइतकं तण जपणारीही दुसरी नव्हती. बरोबरच्या बायका तुम्हाला हसायच्या. सगळ्यांत जास्त मी हसायचे.

त्या अकरा गुंठ्यांवरूनच आपलं भांडण सुरू झालं होतं, आणि खरं सांगायचं तर ते अजून मिटलेलं नाही.

मी बारामतीतून लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही आधीच माहेरी परतला होतात. कळसला दिलं होतं तुम्हाला. सात वर्षं मूल झालं नाही म्हणून त्यांनी दुसरी केली, आणि तुम्ही पत्र्याची पेटी घेऊन निघून आलात. हे मला सासूबाईंनी सांगितलं, तुम्ही कधीच नाही. तुम्ही एवढंच म्हणायचात, "मला तितलं पानी बाधत हुतं." मग मामंजी गेले, आणि वर्ष व्हायच्या आत घरात हक्कसोडीची बोलणी सुरू झाली. आपल्याकडं ते ठरलेलंच असतं. बाप गेला की बहिणी इंदापूरला कचेरीत जातात, भावासाठी जमिनीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही करतात, भाऊ साडी घेतो, हॉटेलात जेवायला घालतो, आणि सगळे हसत घरी येतात. तुमच्यासाठी साडी मीच निवडली होती, डाळिंबी रंगाची, हिरव्या काठाची. तुम्ही सही केलीच नाहीत. "माज्या भावाला सगळं देते, पर मी कुठं उभी ऱ्हायची त्ये आदी सांगा," असं म्हणालात आणि एस.टी. स्टँडवर जाऊन बसलात. नव्या नवरीला काय कळणार, मला फक्त माझ्या साडीचा अपमान झाल्यासारखं वाटलं.

पुढं महिनाभर घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. शेवटी चार जाणती माणसं बसली आणि वाटप झालं. पाटालगतचं काळं रान तुमच्या भावाला, आणि वरच्या अंगाचा अकरा गुंठे मुरमाड माळ तुम्हाला. नांगराचा फाळ मोडेल अशी जागा. तुम्ही त्यावर "चालंल" म्हणालात. मला वाटलं, बाई खुळी आहे.

त्या माळावर होतं काय, तर तरवड. कमरेएवढी झुडपं, पिवळ्या फुलांची, ज्यांना शेळीसुद्धा तोंड लावत नाही. पावसाळ्यात त्याच्या खाली कुर्डू, विष्णुक्रांता, दगडी पाला आणि मला नावं माहीत नसलेली कितीतरी रोपं. मी म्हटलं, निदान तूर तरी टोचा, मटकी तरी फेका. तुम्ही ढिम्म. दिवसभर दुसऱ्याच्या उसात खुरपायचं आणि संध्याकाळी आपल्या माळाच्या कडेला दगडावर बसून बघत राहायचं, एवढीच तुमची शेती.

अंगणवाडीत लागायच्या आधी मी दोन वर्षं तुमच्याबरोबर खुरपायला यायचे. कांद्याच्या वाफ्यात तुम्ही माझ्यापुढं चार हात असायचात आणि मागं वळून शिकवायचात. "ह्यो मुळासकट निघतोय, त्येला वड. आन् त्या तिकडच्याला वरनं मारलंस तर त्यो रागानं फुटतोय. फुकट दमशील." मी विचारलं, "मग त्येचं करायचं काय?" तुम्ही म्हणालात, "त्येच्या कलानं घ्यायचं." वाफ्याच्या मालकिणीनं ते ऐकलं. ती म्हणाली, "हौसाबाई, मी तण काडायची मजुरी देती, त्येचं कवतिक करायची न्हाय." तुम्ही खुरपं न थांबवता उत्तर दिलंत, "काडून देतेच की. पर त्येला नावं ठेवायची मजुरी म्या घेतल्याली न्हाय."

हे असं होतं तुमचं. ऐकणाऱ्याला हसावं की रागवावं कळायचं नाही.

नवरात्रात मात्र तुमच्या माळाला भाव यायचा. घटाला रोज एक माळ लागते. पहिली विड्याच्या पानांची, मग कारळ्याच्या नाहीतर तरवडाच्या फुलांची. पूर्वी म्हणे बांधाबांधावर तरवड असायचा. ऊस वाढला, बांध कोरून कोरून वीतभर उरले, मग तणनाशकाचे पंप आले, आणि बायकांना फुलं शोधत फिरायची वेळ आली. फिरत फिरत त्या तुमच्याकडं पोचायच्या. नऊ दिवस सकाळपासून रीघ. तुम्ही कुणाला नको म्हणाला नाहीत. फक्त दगडावर बसून ओरडायचात, "फुलं खुडा, डहाळी मोडायची न्हाय."

मग एका साली चैत्रात तुम्ही कळसला गेलात. ज्या माणसानं तुम्हाला घालवून दिलं तो अंथरुणाला खिळला होता, आणि त्याच्या दुसऱ्या बायकोनं निरोप धाडला होता की एकटीच्यानं उचलवत नाही. तुम्ही पेटीतून दोन लुगडी काढलीत. मी दारात आडवी झाले. "वन्सं, ज्येनं टाकलं त्येचीच घाण काडायला निगालाय? लोक काय म्हनतील?" तुम्ही म्हणालात, "त्येच्यासाटी न्हाय जात. ती पोर एकली हाय." आणि मला बाजूला सारून गेलात.

मला एवढा राग आला होता, की तो नक्की कुणावर होता हे आज विचारलं तरी सांगता येणार नाही. त्या माणसावर, त्याच्या बायकोवर, तुमच्यावर, सगळ्यांवर. कळसला तर जाता येत नव्हतं. म्हणून मी तो तुमच्या तरवडावर काढला. दोन बायका लावल्या, स्वतः कोयता घेतला, आणि दोन दिवसांत अख्खा माळ बुडख्यापर्यंत तोडला. वाळवून चुलीला घातला. मनात म्हटलं, आता या आणि बघा, पावसाला तिथं मटकी दिसेल.

बारा दिवसांनी तुम्ही आलात ते कपाळ पुसूनच. पेटी ठेवलीत, पाणी प्यायलात आणि माळाकडं गेलात. मी चुलीपुढं बसून वाट बघत होते, आता आभाळ फाटेल. तुम्ही परत येऊन म्हणालात, "जिमिनीबराबर कापलास न्हवं? बरं केलंस. आवंदा मला वाकाय व्हत न्हवतं." मला वाटलं टोमणा आहे. नव्हता. पाऊस झाला आणि एकेका बुडख्यातून सात-सात, आठ-आठ फुटवे वर आले. मटकीला जागाच उरली नाही. नवरात्रात तो माळ असा पिवळा झाला, की रस्त्यानं जाणारे मोटारसायकली थांबवून बघायचे. चैत्रात छाटला की तरवड दुपटीनं येतो, हे निरवांगीतल्या शेंबड्या पोरांनाही ठाऊक होतं. बारामतीत दुकानाच्या माडीवर वाढलेल्या आणि चैत्रात कधी त्या माळाकडं न फिरकलेल्या मला ठाऊक नव्हतं. सूड म्हणून मी तुमचं वर्षाचं काम करून दिलं होतं.

तेव्हापासून पाडवा झाला की तुम्ही माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. "मंदे, आवंदा अजून राग आला न्हाय व्हय? छाटायची येळ झाली." आणि मी कुरकुरत कोयता घेऊन निघायचे. वीस वर्षं मी तुमच्या माळाची न्हावीण होते. बाहेर कुणाला कळू दिलं नाही, कारण बाहेर मी त्याच माळाला नावं ठेवत असायचे. पण त्या दोन दिवसांची मी वाट बघायचे, वन्सं. तेवढंच आपण दोघी घरापासून लांब असायचो. असंच एकदा छाटताना मी धीर करून विचारलं होतं, लोक तुम्हाला टाकलेली म्हणतात त्याचं काही वाटत नाही का. तुम्ही फांदी बाजूला फेकलीत. "टाकल्याली वस्तू पडल्या जाग्याला ऱ्हाती. म्या तर कळसापासनं चालत आले."

मग हे गेले. सहा वर्षं झाली. त्या नवरात्रात घरात घट बसवायचा की नाही यावरच कुजबुज चालली होती, आणि मी माळ बांधायचा तर प्रश्नच नव्हता. विधवेनं लांबून हात जोडावेत असं माझ्याच माहेरच्यांनी मला सांगितलं होतं. तुम्ही पदरात तरवडाची फुलं घेऊन आलात, माझ्या मांडीवर ओतलीत आणि सुईदोरा पुढं केलात. "वव. देवी काय कपाळ बगून माळ घेती?" माझी आत्या कोपऱ्यातून म्हणाली, "अवो, पर रीत हाय." तुम्ही तिच्याकडं वळलात. "रीत आमी दोगीबी बगितलीय. तिचा पार शेवट बगितलाय." त्या दिवशी सुई तीनदा माझ्या बोटात गेली. तुम्ही दगडी पाल्याचा रस पिळून लावलात आणि म्हणालात, बारामतीच्या पोरींना सुई धरता येत नाही. त्याबद्दल मी तुमचे आभार मानले नव्हते. तेव्हा मला वाटलं होतं, आहोतच की दोघी, मानू कधीतरी.

आता जे लिहायचं आहे ते टाळत टाळत इथवर आले.

यंदा आखाडात तुम्हाला बारामतीच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. माझ्या संदीपनं तुम्हाला लेकरासारखं उचलून पिकअपमध्ये घातलं आणि चौदा दिवस तिथं खाली चटईवर काढले. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचून कुणी त्याला वाईट ठरवू नये. त्याला गोठा बांधायचा होता, गाया मोकळ्या फिरतील असा मोठा. माळ कठीण, पाणी साचत नाही, रस्ता लागून. गोठ्याला याहून चांगली जागा नाही हे त्याचं म्हणणं खरंच होतं. दवाखान्यातून कपडे न्यायला आला तेव्हा म्हणाला, "आई, आत्या आता तितं चालत जानार हाय का? तूच सांग." मी म्हणाले, "न्हाय जायची." तो म्हणाला, "मग?" त्या 'मग'वर मी काही बोलले नाही. माझं न बोलणं त्यानं होकार म्हणून घेतलं, आणि ते होकारच होतं.

दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होते. आवाज तिथवर येत होता. मी पळी पातेल्यावर जरा जास्तच आपटत राहिले. संध्याकाळी जाऊन बघितलं. माळ सपाट, तांबडा, आणि तरवडाच्या मुळ्या फाटून वर आलेल्या. कोयत्यानं कापणं मला माहीत होतं, वीस वर्षं केलं होतं. हे तसलं कापणं नव्हतं. मी घरी आले आणि भाकरी थापायला बसले.

तुम्हाला घरी आणलं ते अंथरुणावरच. तिसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "मंदे, तरवड कसा हाय?" मी म्हणाले, "बरा हाय की. फुटलाय चांगला." तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. अंगणवाडीत एखादं पोर खाऊ चोरून नाही म्हणतं तेव्हा मी जशी बघते तशा. मग डोळे मिटून म्हणालात, "आखाडात कोन छाटत न्हाय, मंदे."

कुणी सांगितलं होतं तुम्हाला? भेटायला आलेल्या कुणी बाईनं, की संदीपच्या चपलांना लागलेल्या मुरमानं? मला अजून कळलेलं नाही. मी उठून चहा टाकायला गेले. त्यानंतर तुम्ही महिनाभर होतात. मी तुम्हाला न्हाऊ घातलं, वेणी घातली, पेज भरवली, आणि रोज ठरवलं की आज सांगायचं. तुम्ही एकदाही विषय काढला नाहीत. जन्मभर तोंडाला फडकं नव्हतं तुमच्या, आणि नेमकं तेव्हाच गप्प बसलात. चार शिव्या दिल्या असत्यात तर मी सुटले असते. ते तुम्हाला ठाऊक होतं म्हणूनच दिल्या नाहीत, असं मला कधी कधी वाटतं, आणि मग तुमचा असा राग येतो की काय सांगू. आणि कधी वाटतं, तुम्ही मला माफ करून टाकलं होतंत आणि सांगायचं राहून गेलं. दोन्हीतलं खरं कुठलं ते आता कुणाला विचारू?

चुकलं माझं, वन्सं. तुमच्या उशाशी बसून म्हणायचं होतं. इथं वहीत म्हणतेय.

श्रावणात तुम्ही गेलात. तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं नीरेकडं निघाली तेव्हा मी मडकं मागितलं. म्हटलं, राख माळावर जाईल. हल्ली बरेच जण आपापल्या शेतात टाकतात, त्यामुळं कुणी फार वाद घातला नाही. संदीपनं खड्ड्यासाठी कुदळ उचलली, मी खाली बघितलं, आणि बघतच राहिले. फाटलेल्या मुळीच्या टोकाशी, जिथं सालही धड उरली नव्हती, तिथून दोन कोवळे फुटवे आले होते. एक दिसला आणि मग मला सगळीकडं दिसायलाच लागले. इथं एक, पलीकडं तीन. ज्या मुळ्या वर पडून वाळल्या त्या मेल्या होत्या. पण ज्यांचं बोटभर टोक मातीत राहिलं होतं त्या एकूण एक फुटल्या होत्या. कुर्डू वर आला होता. दगडी पाला तर जेसीबीच्या चाकाच्या वळात ओळीनं उगवला होता, पेरल्यासारखा.

मला तिथं रडू यायला हवं होतं. हसू आलं. हातात राखेचं मडकं, भोवती पाहुणे, आणि भावजय हसतेय. संदीप घाबरला. "आई, काय झालं?" मी म्हणाले, "काय न्हाय. खड्डा जरा कडंला घे. हितं फुटलंय." त्यानं मुकाट्यानं चार हात पलीकडं घेतला.

दहाव्याला सगळ्यांना वाटत होतं कावळा शिवायला वेळ लावणार, माळावर जीव होता म्हातारीचा. तुमचा पिंड नीट ठेवलाही नव्हता तोवर कावळ्यानं उचलला. लोक म्हणाले, कसली इच्छा राहिली नव्हती. मी मनात म्हटलं, इच्छा होती, पण ती दुसऱ्याच्या भरवशावर ठेवायची बाई नव्हती ही.

तुमच्यामागं कुणी नाही, तेव्हा माळ कायद्यानं भावाच्या घराकडं आला. मी, संदीप आणि माझी लेक सुवर्णा, तिघांच्या नावावर. संदीप म्हणाला, तुम्ही दोघी मायलेकी हक्कसोड करून द्या, म्हणजे गोठ्याचं काम धरतो. सुवर्णाला सासरहून, कन्हेरीहून बोलावून घेतलं. गेल्या सोमवारी आम्ही तिघं इंदापूरला निघालो. मी काही ठरवून निघाले नव्हते, हे कबूल करते. पिकअप माळाच्या कडेनं गेली. तरवडाला पहिली फुलं आली होती, सात-आठच असतील. सुवर्णा म्हणाली, "दादा, आत्याचा तरवड फुलला की रं." संदीप समोर बघतच म्हणाला, "औषद मारलं की जाईल त्ये."

कचेरीत आमचा नंबर लागला. साहेबांनी कागद चाळले आणि सवयीनं विचारलं, "राजीखुशीने देताय ना? कुणाचा दबाव नाही ना?" दिवसातून कितीदा विचारत असतील ते. बायका व्हय म्हणतात आणि अंगठ्याला शाई लावतात. सुवर्णा व्हय म्हणाली. पण म्हणायच्या आधी तिनं भावाच्या तोंडाकडं बघितलं, आणि ते मला दिसलं. मग साहेब माझ्याकडं वळले. "आणि तुम्ही, बाई?"

"न्हाय," मी म्हणाले.

संदीप पुढं वाकला. "आई, हितं नगं. घरी बोलू." मी म्हणाले, "घरी बोलायच्या येळंला मी गप बसले हुते. आता हितंच बोलते. साहेब, माजी लेक भ्यालीय म्हनून व्हय म्हनती. तिला परत इचारा." साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि परत विचारलं. सुवर्णा साहेबांना नाही, मला म्हणाली, "दादा बोलायचा बंद झाला तर मला म्हायेर ऱ्हाईल का, आई?" मी म्हणाले, "चार दिस फुगंल, मग बोलंल. त्यो तुजा भाऊ हाय. आन् तुज्या आत्यानं सही केली न्हवती, तिचं म्हायेर मोडलं का? शेवटपातूर ती त्याच घरात हुती, आन् उचलून न्यायला ह्योच हुता." सुवर्णानं पेन टेबलावर ठेवलं आणि कागदापासून लांब सरकवलं.

बाहेर पायऱ्यांवर संदीपचा आवाज चढला. "मग गोठा काय डोक्यावर बांदू?" त्याचंही चुकत नव्हतं. गाया त्याच्या आहेत, राबणं त्याचं आहे. मी म्हणाले, "तुज्या बापामागं माज्या नावावर आलेलं खालचं रान हाय. पाटालगतचं. त्यातलं अकरा गुंठं घे आन् बांद." तो माझ्याकडं बघतच राहिला. "आई, काळी जमीन हाय ती. ऊस उभा हाय तीत. तीवर गोठा बांदायचा आन् मुरूम राखायचा? कशापायी?"

वन्सं, तुमच्यासारखं मला पटकन सुचत नाही. पायरीवर उभी राहून मी शब्द जुळवत होते. शेवटी जे होतं तेच सांगितलं. "तुज्या आत्यानं मला इचारलं हुतं, तरवड कसा हाय. म्या फुटलाय म्हनून खोटं सांगितलं. त्येनं आपल्या बळानं फुटून माजं खोटं खरं करून ठेवलं. आता मी त्ये परत खोटं हू देनार न्हाय." तो गाडीची चावी बोटात फिरवत राहिला.

आज चार दिवस झाले. संदीप माझ्याशी बोलत नाही, जेवतो मात्र पोटभर. काल खालच्या रानात टेप घेऊन मापं घेताना दिसला. तो पुन्हा विचारेल, मला माहीत आहे. विचारू दे. मी पुन्हा नाही म्हणेन, आणि मी नसले तर सुवर्णा म्हणेल, तिला आता तो शब्द येतो.

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. पाण्याखालचं काळं रान देऊन मुरूम राखणारी बाई इंदापूर तालुक्यात दुसरी सापडायची नाही. लोक म्हणतात, हौसाआक्का गेली आणि आपलं खूळ भावजयीला देऊन गेली. ऐकून घेते मी. तुमच्याकडून मला वारशानं आलं ते एवढंच, वन्सं, आणि याची हक्कसोड मी कुणालाही करून देणार नाही.